शाळेचा पैसा आणि शिक्षक नेमके कुठं अडतात, ते पालकांनी कसं शोधायचं

मागच्या आठवड्यात शेजारच्या गावातल्या एका पालकाचा फोन आला. म्हणाला, आमच्या शाळेतला एक शिक्षक कमी झाला, सरपंच म्हणतोय वरून आलंय, हेडमास्तर म्हणतायत वरून आलंय, तालुक्याला गेलो तर तिथं पण वरूनच आलंय, मग हे वर म्हणजे नेमकं कुठं हो भाऊ? मी पन्हाळा तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत चार वर्षं आहे आणि हाच प्रश्न घेऊन मीही बरेच हेलपाटे मारलेत. त्यातून जे कळलं ते एका जागी लिहून ठेवतोय. लांबलंय, पण सवडीनं वाचा आणि तुमच्या समितीच्या ग्रुपवर टाका.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, शाळेच्या दारात कपात कधीच कपात म्हणून येत नाही. ती निकष बदलून येते, रिकाम्या पदातून येते, अर्ध्याच आलेल्या अनुदानातून येते, नाहीतर "लोकसहभागातून करा" असं सांगून येते. अंड्याचंच बघा की. 2023 च्या नोव्हेंबरात शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, पोरं त्या दिवशी हमखास शाळेत यायची. 2025 च्या जानेवारीत राज्यानं अंड्याचे आणि साखरेचे वेगळे पैसे बंद केले आणि सांगितलं की द्यायचं असेल तर समितीनं लोकसहभागातून द्यावं. आता ज्या गावात दोन दूध डेऱ्या आणि ऊसवाले बागायतदार आहेत तिथं लोकसहभाग होतोय, पण शाहूवाडीतल्या धनगरवाड्यावर तो कुणी करायचा? ज्या पोराला अंड्याची जास्त गरज, त्याचंच आधी बंद होतं.

गणवेशाचं तर राजकारणच झालं. आधी पैसे समितीच्या खात्यावर यायचे, दोन ड्रेसचे मिळून 600 रुपये पोरामागं, आम्ही गावातल्याच टेलरकडनं शिवून घ्यायचो. मग एक राज्य एक गणवेश आलं, 2024-25 ला कापड वरून येणार आणि शिलाई बचत गटांकडनं होणार असं ठरलं, कितीतरी ठिकाणी 15 ऑगस्टला पण पोरांच्या अंगावर ड्रेस नव्हता, आणि डिसेंबर 2024 ला निर्णय फिरवून काम परत समित्यांकडं दिलं. माणसं बदलली की धोरण बदलतं, मधलं एक वर्ष पोराचं जातं.

आता पैसा येतो कुठून ते समजून घ्या, कारण हे कळल्याशिवाय चुकीच्या दारात उभं राहायची वेळ येते, माझी तशीच दोन वर्षं गेली.

शिक्षकांचा पगार राज्याच्या बजेटमधनं येतो. शाळेचं वार्षिक अनुदान, गणवेश, प्रशिक्षण हे समग्र शिक्षा या केंद्र आणि राज्याच्या मिळून चालणाऱ्या योजनेतनं, त्यात केंद्राचे 60 टक्के आणि राज्याचे 40 टक्के. पोषण आहाराची वाटणी पण तशीच 60-40. म्हणजे दोघांपैकी एकाचा हप्ता लांबला तरी शाळेचे पैसे अडतात, आणि दोघंही एकमेकांकडं बोट दाखवायला मोकळे. खोली बांधायची, पत्रे बदलायचे, भिंत दुरुस्त करायची यासाठी पैसा मुख्यतः जिल्हा नियोजन समितीतनं येतो, तिचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, आणि थोडाफार जिल्हा परिषदेच्या सेस फंडातनं, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातनं. त्यामुळं गळक्या वर्गासाठी मुंबईला पत्र लिहून उपयोग नाही आणि शिक्षकासाठी ग्रामपंचायतीवर चिडून उपयोग नाही.

राज्याचं बजेट मार्चमध्ये येतं. पेपरात आपण फक्त मोठ्या घोषणा वाचतो, पण खरी कागदं वित्त विभागाच्या साइटवर मराठीत असतात. त्यात लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाच्या खात्याचा नंबर, 2202 शोधा, ते सामान्य शिक्षणाचं, त्याच्या पोटात 01 म्हणजे प्राथमिक आणि 02 म्हणजे माध्यमिक. प्रत्येक ओळीपुढं रकाने असतात, आधीच्या वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज किती, सुधारित अंदाज किती आणि पुढच्या वर्षाचा किती. सगळे लोक शेवटचा आकडा बघतात. तुम्ही अंदाज आणि सुधारित अंदाज शेजारी ठेवून बघा, सुधारित कमी दिसला तर समजायचं की मार्चात टाळ्या घेऊन जाहीर केलेला पैसा वर्ष संपायच्या आत काढून घेतलाय. कपात तिथं सापडते. आणि वर्षाच्या मध्ये अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात त्या पण बघा, कुठल्या खात्याला जादा मिळालं ते त्यात कळतं.

हे सगळं का होतं ते पण थोडं सांगतो. अजित पवारांनी 10 मार्च 2025 ला मांडलेलं 2025-26 चं बजेट 7,00,020 कोटींचं होतं आणि त्यात महसुली तूट 45,891 कोटींची. लाडकी बहीणसाठी 36,000 कोटी धरलेले. माझ्या बहिणीला ते पैसे मिळतात, बाईच्या हातात तिचा स्वतःचा पैसा आला याचा मला मनापासून आनंद आहे, मी त्या योजनेच्या विरोधात बोलत नाहीय. पण तूट पडली की पगार, पेन्शन आणि व्याज याला हात लावता येत नाही, मग उरतं काय, तर नवी भरती, दुरुस्ती, अनुदान, अंडी. सगळ्यात गप्प बसणाऱ्याचं आधी कापलं जातं आणि सहा वर्षाचं पोर कधी मोर्चा काढत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, संच मान्यता. हा शब्द प्रत्येक पालकानं पाठ करावा असं माझं मत आहे. तुमच्या शाळेला किती शिक्षक मंजूर, ते दरवर्षी या एका कागदावर ठरतं. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून, त्यात स्पष्ट लिहिलंय की पहिली ते पाचवीला 60 पटापर्यंत दोन शिक्षक, 61 ते 90 ला तीन, 91 ते 120 ला चार. म्हणजे बारा पोरं असली तरी दोन शिक्षक हा हक्क आहे. पण राज्यानं 15 मार्च 2024 ला संच मान्यतेचे निकष बदलले, सहावी ते आठवीला पट 20 च्या खाली गेला की तिथं शिक्षकाचं पदच मिळेना अशी वेळ आली, त्यावर शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. या निकषात नंतर पण बदल होत असतात, त्यामुळं शासन निर्णयांच्या सरकारी साइटवर शालेय शिक्षण विभाग निवडून दर महिन्याला एकदा नजर टाकायची सवय लावा. पाच मिनिटं लागतात.

आणि पट म्हणजे वर्गात बसलेली पोरं नव्हे हां. पट मोजतात 30 सप्टेंबरचा आणि त्यात धरतात ती फक्त आधार व्हॅलिड झालेली, म्हणजे शाळेतली नोंद आधारशी जुळलेली पोरं. नावात एक वेलांटी इकडची तिकडं, जन्मतारखेत फरक, आईच्या माहेरचं आधार, वीटभट्टीवरच्या किंवा ऊसतोडीला आलेल्या कुटुंबाकडं आधारच नाही, असं काहीही असलं की ते पोर रोज शाळेत येतं, खिचडी खातं, पण संच मान्यतेत ते नसतंच. म्हणून जूनमध्ये शाळा सुरू झाली की हेडमास्तरांकडनं यादी मागा, किती पोरांचं आधार अडलंय, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्या आयांना सोबत घेऊन आधार केंद्रावर जा. आम्ही एका दिवसात टेम्पो करून अकरा पोरं नेली होती. हे काम शिक्षकांवर सोडू नका, त्यांच्या डोक्यावर आधीच ऑनलाइन माहितीचा ढीग आहे आणि वरून निवडणुकीची कामं.

शाळेचा स्वतःचा हिशोब बघणं हे तर आपल्या हातात आहे. समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असं कायदाच सांगतो. समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं, 30 पर्यंत 10,000, पुढं 100 पर्यंत 25,000, 250 पर्यंत 50,000 आणि 1000 पर्यंत 75,000. यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. मीटिंगमध्ये शांतपणे विचारा, आपल्या पटाला किती बसतात आणि प्रत्यक्ष किती आले, कुठल्या तारखेला आले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पैसे येतात आणि 31 च्या आत संपवा म्हणतात असं झालं असेल तर ते तसंच प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे मीटिंगच्या इतिवृत्तात, लिहायला लावा. हेडमास्तरांवर संशय घेऊन विचारू नका, बहुतेकजण स्वतःच्या खिशातनं खडू आणि लाइट बिल भरत असतात, लेखी आलं की त्यांनाच वर मागायला बळ येतं.

मग शाळा विकास आराखडा. हा पण कायद्यातलाच आहे, कलम 22. बऱ्याच ठिकाणी मागच्या वर्षीचा आराखडा तारीख बदलून जातो. तसं करू नका, डिसेंबर संपायच्या आत नवा करा, त्यात फोटो लावा, वर्गाची मापं लिहा, 2019 किंवा 2021 च्या पुरात भिंतीला ओल कुठपर्यंत आली होती ते लिहा. जिल्हा नियोजनची कामं ठरायची वेळ आणि बजेटची तयारी याच सुमारास चाललेली असते, एप्रिलमध्ये दिलेलं पत्र वर्षभर फायलीत झोपतं. प्रत केंद्रप्रमुखांना, गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांना द्या आणि आपल्या प्रतीवर आवक नंबराचा शिक्का घेतल्याशिवाय तिथनं हलू नका.

तोंडी विचारून काही मिळेना तर माहिती अधिकार. घाबरायचं काही नाही, दहा रुपयाचं कोर्ट फी तिकीट लावा, दारिद्र्यरेषेखाली असाल तर ते पण नाही. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत लिहायचं असतं, त्यामुळं भाषण नको. मी असं लिहितो: "अमुक शाळेची मागील तीन वर्षांची संच मान्यता, त्यासाठी धरलेला 30 सप्टेंबरचा पट, आधार वैध नसल्याने वगळलेली विद्यार्थी संख्या आणि आज रोजी रिक्त पदे यांच्या प्रती मिळाव्यात." बस. "शिक्षक का दिला नाही" असं कधी विचारू नका, का ला उत्तर देत नाहीत, कागद मागा. 30 दिवसात उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसात पहिलं अपील, त्याला 20 रुपये.

गावसभेचा ठराव हे हत्यार लोक विसरतात. 2023 च्या सप्टेंबरात 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं राज्यानं काढलं, राज्यभरात अशा 14,783 शाळा सांगितल्या गेल्या, नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळची नावं आली. आता गगनबावड्यात जुलैमध्ये पाऊस कसा कोसळतो ते ज्यांनी बघितलंय त्यांनीच सांगावं, सहा वर्षाची पोरगी ओढा ओलांडून दुसऱ्या वाडीवर जाणार का? नियम पाचवीपर्यंत एक किलोमीटर आणि आठवीपर्यंत तीन किलोमीटरच्या आत शाळा असा आहे. तुमच्या शाळेचं असं काही कानावर आलं की ग्रामसभेत ठराव घ्या, त्यात अंतर, रस्ता, ओढा, बसची वेळ सगळं लिहा. नुसतं "आमचा विरोध आहे" लिहिलेला ठराव कुणी वाचत नाही.

राजकारण्यांकडं जायचं का? जायचंच, सगळ्या पक्षांच्या जायचं. आमदाराकडनं विधानसभेत प्रश्न टाकून घेता येतो, पुणे विभागाच्या शिक्षक मतदारसंघाचा आमदार पण आपल्या जिल्ह्याचा धरा, कोल्हापूर त्यातच येतं. जिल्हा परिषदेत 2022 च्या मार्चपासून निवडणुका लांबल्या आणि बरीच वर्षं प्रशासकच होते, म्हणजे शिक्षण समितीत उभं राहून "आमच्या मतदारसंघातल्या शाळेचं काय" असं विचारणारा माणूसच नव्हता. त्याचं नुकसान आकड्यात दिसत नाही पण आम्ही ते भोगलंय. आता झेडपीला मत मागायला कोण आलं की त्याला रस्ता-गटारासोबत संच मान्यतेचं विचारा, शब्द तरी माहीत आहे का ते कळेल.

ज्या कोल्हापुरात 1917 ला शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि पोर शाळेत न घालणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला, तिथं आज बाप पोराला शाळेत सोडायला तयार आहे आणि वर्गात शिक्षक नाही, हे मला सहन होत नाही. आणि लोकांना सरकारी शाळा नको असते हे पण खोटं, शहरात जरगनगरच्या महापालिका शाळेत प्रवेशासाठी पालक रांगा लावतात ते सगळ्यांनी बघितलंय. शिक्षक आणि खोली नीट दिली की माणसं येतात.

तर त्या फोनवाल्या भावाचं सांगायचं राहिलं. आम्ही दोघं हेडमास्तरांपुढं बसलो, संच मान्यतेचा कागद काढला. वर्गात पोरं 64, कागदावर 58. सहा पोरांचं आधार अडलेलं, त्यातली चार वीटभट्टीवरची. त्या सहांपायी तिसरं पद गेलं, म्हणजे "वर" जे काही होतं ते निम्मं इथंच, शाळेच्या कपाटात होतं. सोमवारी टेम्पो ठरलाय, सहाही आया यायला तयार आहेत, आणि संच मान्यता दुरुस्तीच्या प्रस्तावावर समितीच्या सगळ्या सह्या झाल्यात.