बॉल हातातून सुटला की तुमचं काम संपलं

बेसबॉलमधल्या पिचिंगबद्दल, म्हणजे बॅटरला बॉल टाकण्याबद्दल, मला विचारणारे साधारण दोन प्रकारचे लोक असतात. एक म्हणजे इकडे अमेरिकेतले मराठी आईबाबा, पोरगं बारा-तेरा वर्षांचं, लिटल लीगमध्ये, म्हणजे पोरांच्या बेसबॉल लीगमध्ये, बॉल जोरात टाकतं, आता पुढे काय करायचं. आणि दुसरे महाराष्ट्रातले क्रिकेट खेळलेले, थ्रो चांगला आहे, बेसबॉलमध्ये काही चान्स आहे का. मी न्यू जर्सीत वाढलो, कॉलेजला पिचिंग केलं, नंतर इंडिपेंडंट लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या टीमशी न जोडलेल्या छोट्या प्रोफेशनल लीगमध्ये, काही सीझन पैसे घेऊन बॉल टाकला (पैसे किती ते खाली येईलच). मेजर लीग या सगळ्यात वरच्या पायरीच्या आसपासही गेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो, पण जे पोचले आणि जे नाही पोचले त्या दोघांच्याही शेजारी बुलपेनमध्ये, पिचर वॉर्मअप करतात तिथे, भरपूर बसलोय, त्यावरून जे कळलं ते लिहितो.

आधी क्रिकेटवाल्यांसाठी. रनअप विसरा. दहा इंच उंच मातीच्या उंचवट्यावर, माउंडवर, एका रबराच्या पट्टीला पाय लावून उभं राहायचं आणि १८.४४ मीटरवर बॅटरसमोर जमिनीत बसवलेल्या १७ इंच रुंद प्लेटवरून बॉल न्यायचा, तो पण टप्पा न पाडता. त्यामुळे लेंग्थ नावाचा प्रकारच नाही, जे काय करायचं ते हवेत. आणि आपल्याकडे कोपर १५ अंशांच्या वर सरळ झालं की फेकी म्हणून बोंब होते, इथे तेच तर करायचं असतं. म्हणून खरं सांगायचं तर फास्ट बोलरपेक्षा भालाफेकवाल्याला हे लवकर जमतं. २००८ मध्ये एका रिअॅलिटी शोमधून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल निवडले गेले, दोघंही भालाफेकवाले, आणि पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीगच्या टीमने त्यांना करारबद्ध केलं. मेजर लीगपर्यंत दोघंही गेले नाहीत, पण ज्यांनी आधी कधी बेसबॉल हातात धरला नव्हता त्यांनी प्रोफेशनल मॅचमध्ये पिचिंग केलं, ही साधी गोष्ट नाहीये.

स्पीड खांद्यातून येतो असं सगळ्यांना वाटतं. येतो पायातून. मागच्या पायाने ढकललं, कंबर आधी फिरली, छाती तिच्या मागून उशिरा फिरली, पुढचा पाय जमिनीवर घट्ट रोवला आणि तिथे ब्रेक लागला की ती सगळी ताकद हातात येते, हात बिचारा शेवटी येतो. ज्यांचा पुढचा गुडघा लँड होताना मऊ पडतो त्यांचा स्पीड तिथेच गळतो, हे मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये पण दिसतं, त्याला महागडं मशिन लागत नाही.

आता पिचेस, म्हणजे बॉल टाकायचे प्रकार. फोरसीम हा साधा फास्टबॉल, म्हणजे दोन बोटं शिलाईवर आडवी, बॉल उलटा फिरत जातो, त्या फिरकीमुळे हवा त्याला थोडं उचलून धरते. बॉल वर जात नाही, फक्त बॅटरला वाटतं तेवढा खाली पडत नाही, आणि बॅट त्याच्या खालून जाते. कर्व्हमध्ये उलट, पुढच्या बाजूला फिरकी, बॉल जास्त पडतो. स्लायडर बाजूला पळतो. चेंजअप म्हणजे हात फास्टबॉलच्याच वेगाने यायचा पण बॉल तळहातात खोल धरलेला, त्यामुळे आठ-दहा मैल कमी. माझं प्रामाणिक मत, नव्या पोराने फास्टबॉल आणि चेंजअप एवढंच दोन वर्षं करावं. पण चेंजअप कोणालाच शिकायचा नसतो कारण तो दिसायला भारी नाही, सगळ्यांना पहिल्या दिवसापासून स्वीपर, म्हणजे खूप बाजूला पळणारा स्लायडर, पाहिजे.

ताशी ९५ मैलांचा बॉल प्लेटला पोचायला ०.४ सेकंद लागतात, त्यातला अर्धा वेळ बॅटरचा बॉल ओळखण्यात आणि मारायचा की सोडायचा ठरवण्यात जातो. म्हणजे सगळा धंदा एवढाच की तेवढ्या वेळात तुमचे सगळे पिच सारखे दिसले पाहिजेत आणि नंतर वेगवेगळे झाले पाहिजेत. पिचर ग्रेग मॅडक्स बघा, स्पीडच्या बाबतीत त्याच्या काळातही साधारण, आणि १९९२ ते १९९५ सलग चार साय यंग अवॉर्ड (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा), करिअरमध्ये ३५५ विजय. मारियानो रिवेरा तर जवळजवळ एकाच पिचवर, कटरवर (शेवटी थोडा वळणारा फास्टबॉल), ६५२ सेव्ह काढून गेला, म्हणजे शेवटी येऊन टीमची आघाडी टिकवून मॅच संपवली. तो कटर १९९७ मध्ये सहज कॅच खेळताना त्याच्या हातात आला, बॉल आपोआप शेवटी वळायला लागला, आधी त्याने आणि कोचने त्याचं वळणं बंद व्हावं म्हणून प्रयत्न केले, नाही झालं, मग तसाच टाकला.

बरं, आता मेन विषय, डोकं. हे लोक शेवटी ठेवतात म्हणून मी मध्येच टाकतोय.

पिचरच्या हातात फक्त तीन गोष्टी असतात, कुठला पिच, कुठे टाकायचा, आणि पूर्ण विश्वासाने टाकायचा. बॉल सुटला की तुमचं काम संपलं, पुढे जे होतं ते तुमचं नाही. एकदम परफेक्ट स्लायडर बॅटच्या टोकाला लागून फर्स्ट बेसमनच्या डोक्यावरून पडतो आणि हिट होतो. आणि मधोमध लटकलेला कर्व्ह, जो खरं तर स्टँडच्या बाहेर जायला हवा, बॅटर वैतागून आकाशात मारतो आणि आउट. जो पोरगा पहिल्यावर चिडतो आणि दुसऱ्यावर खूश होतो तो सीझनभर टिकत नाही, कारण त्याला शिकायचं काय तेच उलटं कळतंय. आमच्याकडे इनिंग संपली की एक कोच रन किती गेले हे विचारायचाच नाही, एवढंच विचारायचा की किती पिच जिथे टाकायचे होते तिथे गेले. सुरुवातीला डोक्यात जायचं ते.

पिचर रॉय हॅलडेचं उदाहरण मी प्रत्येकाला देतो. २००० साली त्याचा इआरए १०.६४, म्हणजे नऊ इनिंगमागे दहाच्या वर रन, कोणी म्हटलं असतं संपला. त्याच्या टीमने, टोरोंटोने, त्याला २००१ मध्ये थेट सिंगल-ए ला पाठवलं, सगळ्यात खालच्या पायऱ्यांपैकी एक, तिथे मेल क्वीन नावाच्या कोचने त्याचा हात वरून येत होता तो थोडा खाली आणला, आणि डोक्याचं काम त्याने खेळाडूंचे मानसशास्त्रज्ञ हार्वी डॉर्फमन यांच्याकडून शिकून घेतलं. एकावेळी एक पिच, बस्स. नंतर दोन साय यंग, आणि २०१० मध्ये मे महिन्यात परफेक्ट गेम (एकही बॅटर बेसवर पोचला नाही), ऑक्टोबरमध्ये प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या नॉकआउट सामन्यांत, नो-हिटर (एकही हिट नाही).

आणि दुसरी बाजू पण आहे, ती लपवून उपयोग नाही. पिचर रिक अँकील, २००० च्या प्लेऑफमध्ये, वय २१, एका इनिंगमध्ये पाच वाइल्ड पिच, म्हणजे कॅचरला (प्लेटमागे बसून बॉल पकडणाऱ्याला) न धरता येणारे भरकटलेले बॉल. दुखापत नव्हती, बॉल कुठे जाईल हेच हाताला कळेना. तो परत आला पण २००७ मध्ये आउटफिल्डर, म्हणजे लांबचा फील्डर, म्हणून. अशा पिचरला लोक ‘कॉन्फिडन्स ठेव’ म्हणतात, यापेक्षा निरुपयोगी सल्ला मी ऐकलेला नाही. काम करतं ते रुटीन. प्रत्येक पिचआधी तेच, रोझिन बॅग (हात कोरडा ठेवायची पावडरची पिशवी), एक लांब श्वास, कॅचरच्या ग्लोव्हचा एक छोटा भाग बघायचा, टाकायचा. २०२३ पासून मेजर लीगमध्ये पिच क्लॉक आहे, म्हणजे एवढ्या वेळात बॉल टाकायलाच लागतो, बेसवर कोणी नसेल तर १५ सेकंद, असेल तर आधी २० होते ते २०२४ पासून १८ झाले, जुने लोक म्हणतात विचार करायला वेळच नाही, मला वाटतं पिचरला विचार करायला वेळ नसणं ही चांगलीच गोष्ट आहे.

कॅचरशी भांडू नका. पण त्याने मागितलेल्या पिचवर मन नसेल तर मान हलवून नाही म्हणा, अर्ध्या मनाने टाकलेला बरोबर पिच पूर्ण मनाने टाकलेल्या चुकीच्या पिचपेक्षा जास्त मार खातो.

आईबाबांसाठी, रडार गन थोडी बाजूला ठेवा. ११-१२ वयाला दिवसाला ८५ पिच ही लिटल लीगची मर्यादा आहे, ती ‘तीन टीममध्ये खेळतो म्हणून प्रत्येकी ८५’ अशी वाचू नका, असं करणारे मी बघितलेत. वर्षातले काही महिने बॉल पूर्ण बंद. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी पिचर टॉमी जॉनच्या कोपराचं लिगामेंट बदललं आणि तो त्यानंतर १९८९ पर्यंत खेळला, त्यामुळे लोकांना वाटतं ऑपरेशन झालं की पोरगं आणखी जोरात टाकेल. परत यायला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि सगळे परत येतातच असं नाही.

पैशाचं. ड्राफ्ट, म्हणजे मेजर लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात तो, आता २० राउंडचा. २०२३ च्या करारानंतर मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या पायऱ्या) त्या वर्षी किमान पगार सिंगल-ए ला वर्षाला २६,२०० डॉलर, ट्रिपल-ए या सगळ्यात वरच्या पायरीला ३५,८०० झाला, आणि हे आधीपेक्षा खूप चांगलं झालंय. इंडिपेंडंटमध्ये आम्हाला याहून बरंच कमी मिळायचं, रात्रभर बस, चौघांत एक अपार्टमेंट. म्हणून डिग्री पूर्ण करा, कॉलेज बेसबॉलचा रस्ता घ्या.

कॉलेज कोचला व्हिडिओ पाठवाल तेव्हा दोन अँगलने पाठवा, बाजूने आणि मागून, आणि समोर बॅटर उभा असू दे, नुसत्या नेटमध्ये टाकलेल्या बॉलला काही अर्थ नाही. सगळे स्ट्राइकआउट चिकटवून म्युझिक लावू नका. एक पूर्ण इनिंग कट न करता ठेवा, आणि त्यात होमरन खाल्ला असेल तर तो तसाच राहू द्या, त्याच्या पुढचे चार-पाच पिच कोचला बघायचे असतात.