टर्बो बदलण्याआधी हवेची गळती कशी शोधावी

चढावर गाडी पिकअप घेत नाही, ॲक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून फुसफुस ऐकू येते आणि डिझेल गाडी असल्यास मागून काळा धूर निघतो, असे झाले की बहुधा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, बदलण्याचाच सल्ला मिळतो. त्या मोठ्या खर्चाआधी टर्बोपासून इंजिनापर्यंतचा हवेचा मार्ग तपासावा, कारण एखादा चिरलेला होज (रबरी नळी) किंवा सैल क्लिपही हीच लक्षणे दाखवते. लहान इंजिनाची बरीचशी ताकद दाबलेल्या हवेवरच उभी असते आणि गळती भरून काढण्यासाठी टर्बोला अधिक वेगाने फिरावे लागते. म्हणून दुर्लक्ष केल्यास चांगला टर्बोही लवकर झिजतो.

प्रथम थंड इंजिनावर बॉनेट उघडून पाहणी करावी. क्रँककेसमधील (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागातील) तेलाची वाफ या नळ्यांत थोडी असतेच. हवा जिथून निसटते तिथे ते तेल झिरपते आणि पांदण रस्त्यावरची धूळ त्यावर बसून काळा, ओलसर डाग पडतो. होजचे खालचे वळण आणि इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) प्लास्टिक टाकीचा ॲल्युमिनियमशी असलेला जोड हात फिरवून पाहावा. विदर्भातील उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि जुने रबर लवकर कडक होते, शिवाय धान्याच्या कोठीजवळ गाडी उभी राहत असल्यास बारीक व्हॅक्यूम नळ्या उंदराने कुरतडल्या आहेत का, हेही पाहावे.

डोळ्यांना काही दिसले नाही, तर दाबाची चाचणी करावी. सिंचनाच्या पीव्हीसी पाइपचे एंड कॅप योग्य मापाचे घेऊन त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व घट्ट बसवावा आणि एअर-फ्लो सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या) पुढे, टर्बोच्या तोंडाकडे जाणाऱ्या होजमध्ये ते क्लिपने आवळावे. सेन्सरवर दाब कधीही देऊ नये. त्या मधल्या भागात इंजिनाचा ब्रीदर पाइप (क्रँककेसमधील वाफ बाहेर काढणारी नळी) जोडलेला असल्यास तो सोडून ते भोक बंद करावे, अन्यथा दाब क्रँककेसमध्ये शिरून ऑइल सील निघू शकते.

पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरच्या टाकीत साधारण 100 पीएसआयहून अधिक दाब असतो, म्हणून रेग्युलेटरशिवाय हवा देणे धोक्याचे आहे. सुरुवात 5 पीएसआयने करावी आणि 10 ते 15 पीएसआयवर थांबावे. कॅप उडू शकते, म्हणून तिच्या समोर तोंड नेऊ नये. आता प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी शिंपडावे, मात्र विजेच्या कनेक्टरवर नव्हे. जिथे बुडबुडे फुगतात, तिथे गळती आहे. इंजिनाचे काही व्हॉल्व उघडेच असल्याने थोडी हवा सायलेन्सरमधून किंवा ऑइल फिलरच्या झाकणाजवळ ऐकू येते. ती होजची गळती समजू नये.

चिरलेल्या होजवर टेप गुंडाळण्यात अर्थ नाही. दाब आणि उष्णतेने तो सुटतोच. नवा होज बसवताना दोन्ही टोकांवरचे तेल कोरड्या कापडाने पूर्ण पुसावे, कारण तेलकट होज क्लिप कितीही आवळली तरी निसटतो, आणि त्यानंतर हीच चाचणी पुन्हा करावी.