एसक्यूएलअल्केमी: ऑब्जेक्टची प्रत काढताना सेशनचा हिशेब कसा सांभाळावा

एखादी जुनी नोंद जशीच्या तशी घ्यावी, त्यात दोन-चार गोष्टी बदलाव्यात आणि ती नवी नोंद म्हणून साठवावी, अशी गरज जवळजवळ प्रत्येक ॲप्लिकेशनमध्ये कधी ना कधी पडते. आपण एक उदाहरण धरून चालू: डेटाबेसमध्ये १७ क्रमांकाची एक प्रश्नपत्रिका आहे, तिच्यात ४० प्रश्न आहेत, ती एका विषयाशी जोडलेली आहे आणि तिला काही टॅग लावलेले आहेत. पुढच्या परीक्षेसाठी तिची प्रत हवी आहे. एसक्यूएलअल्केमी ही पायथनची लायब्ररी टेबलातली ओळ पायथनचा ऑब्जेक्ट म्हणून हाताळू देते. पायथनची सवय असलेल्या माणसाचा हात अशा वेळी आपोआप ‘कॉपी’ मॉड्यूलकडे जातो आणि नेमके तिथेच बिनसते. एरर येत नाही, कमिट (बदल डेटाबेसमध्ये कायम करणे) सुरळीत पार पडते, फक्त टेबलात नवी ओळ दिसत नाही.

याचे कारण असे की मॅप केलेल्या, म्हणजे टेबलाशी जोडलेल्या क्लासच्या, ऑब्जेक्टच्या पोटात कॉलमच्या किमतींखेरीज ‘_एसए_इन्स्टन्स_स्टेट’ नावाची एक छुपी खातेवही असते. ऑब्जेक्ट कोणत्या सेशनचा (सेशन म्हणजे ऑब्जेक्टांवर लक्ष ठेवून त्यांचे बदल डेटाबेसकडे पोहोचवणारा दुवा), त्याची प्रायमरी की, म्हणजे ओळीची अनन्य ओळख, कोणती, लोड केल्यापासून त्यात काय बदलले, हे सारे तिच्यात टिपलेले असते. ‘कॉपी.कॉपी’ ऑब्जेक्टची डिक्शनरी वरवर उचलते, त्यामुळे प्रतीच्या हाती मूळ ऑब्जेक्टचीच खातेवही येते. प्रतीचे शीर्षक बदलले तर नवी किंमत प्रतीत राहते, पण फ्लशच्या वेळी, म्हणजे साठलेले बदल डेटाबेसकडे पाठवताना, सेशन त्या खातेवहीवरून मूळ ऑब्जेक्टकडे पोहोचते आणि तिथे काहीच बदललेले नसते. ‘सेशन.ॲड’ला प्रत दिली तरी १७ क्रमांकाची नोंद आपल्याकडे आहेच असे समजून ते पुढे जाते. ‘डीपकॉपी’ हा यावरचा उपाय नव्हे. ती लोड झालेले संबंधित ऑब्जेक्टही या गुंत्यात ओढते.

म्हणून ऑब्जेक्टची नव्हे, किमतींची प्रत काढावी. ‘इन्स्पेक्ट’ या फंक्शनला मूळ ऑब्जेक्ट द्यावा, त्यातून मिळणाऱ्या मॅपरच्या (क्लास आणि टेबल यांची सांगड ठेवणाऱ्या घटकाच्या) ‘कॉलम_ॲट्र्स’ या यादीवर लूप चालवावा, प्रत्येक घटकाच्या ‘की’ या नावाने मूळ ऑब्जेक्टमधून किंमत वाचावी, त्या किमतींची एक डिक्शनरी तयार करावी आणि ती त्याच क्लासच्या कन्स्ट्रक्टरला देऊन नवा ऑब्जेक्ट घडवावा. या ऑब्जेक्टला स्वतःची कोरी खातेवही मिळते. टेबलाच्या कॉलमांच्या यादीवर लूप चालवणारे कोड बऱ्याच ठिकाणी दिसते, पण क्लासमधले नाव आणि टेबलातले नाव वेगळे असले की ते कोसळते. म्हणून मॅपरचाच आधार घ्यावा.

काय वगळायचे हा खरा विचाराचा भाग आहे. प्रायमरी की वगळायची हे उघड आहे. पण ज्या कॉलमांवर युनिक बंधन आहे (एकच किंमत दोनदा चालत नाही) ते, नोंद तयार झाल्याची वेळ, आवृत्तीचा क्रमांक ठेवणारा कॉलम आणि एसक्यूएलच्या सूत्रातून निघणाऱ्या किमती, म्हणजे ‘कॉलम_प्रॉपर्टी’, याही वगळाव्या लागतात. आपोआप ओळखण्याचा हव्यास न धरता वगळायच्या नावांचा एक संच फंक्शनला उघडपणे द्यावा, असे माझे मत आहे; सहा महिन्यांनी कोड वाचणाऱ्याला त्यावरून हेतू कळतो. जेसन प्रकारच्या कॉलमाकडेही लक्ष असू द्यावे. त्यातली डिक्शनरी नुसती सोपवली तर दोन्ही ऑब्जेक्ट एकाच डिक्शनरीकडे बोट दाखवतात आणि एकातला बदल दुसऱ्यात उमटतो. अशा किमतीसाठी मात्र ‘डीपकॉपी’ अगदी योग्य आहे.

आता नाती. विषयाशी असलेल्या नात्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही, कारण फॉरिन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या ओळीची ओळख ठेवणारी की, हा एक साधा कॉलम असून तो वरच्या लूपमध्येच उतरतो. टॅगचे नाते अनेक-ते-अनेक आहे, तेव्हा तेच टॅग नव्या यादीत घालून ती यादी नव्या प्रश्नपत्रिकेला दिली की काम होते. प्रश्नांचे तसे नाही. मी स्वतः एकदा उत्साहाच्या भरात जुन्या पत्रिकेची प्रश्नांची यादी थेट नव्या पत्रिकेला देऊन टाकली होती. नव्या पत्रिकेत ४० प्रश्न आले, मी समाधानाने उठलो, आणि नंतर पाहतो तर जुनी पत्रिका रिकामी. प्रत्येक प्रश्नाजवळ पत्रिकेची एकच फॉरिन की असते. तो एका वेळी दोन पत्रिकांचा असू शकत नाही, म्हणून एसक्यूएलअल्केमीने तो मुकाट्याने हलवला. तिचे काहीच चुकले नव्हते. अशा नात्यात प्रत्येक प्रश्नाची वरीलच पद्धतीने, पत्रिकेची फॉरिन कीसुद्धा वगळून, प्रत काढावी आणि ती नव्या यादीत जोडावी. नवी की फ्लशच्या वेळी आपोआप भरली जाते. प्रश्नांना पर्याय असतील तर एक पायरी आणखी खाली उतरावे लागते, आणि तेव्हा मूळ पत्रिका आणताना ‘सिलेक्टइनलोड’ वापरावे, नाहीतर ४० प्रश्नांच्या पर्यायांसाठी ४० वेगळ्या क्वेरी जातात.

‘मेक_ट्रान्झिएंट’ हा एक जवळचा रस्ता सांगितला जातो. तो ऑब्जेक्टला सेशनमधून सोडवतो आणि त्याची डेटाबेसमधली ओळख पुसतो. त्यानंतर आयडीला ‘नन’ देऊन ऑब्जेक्ट पुन्हा ‘ॲड’ केला की नवी ओळ तयार होते. मात्र यात दुसरा ऑब्जेक्ट तयार होत नाही, मूळचाच नवा बनतो. शिवाय कमिटनंतर सर्व किमती शिळ्या धरल्या जातात, म्हणजे ‘एक्स्पायर’ होतात. कमिटनंतर लगेच हे फंक्शन चालवले तर त्या किमती पुन्हा लोड न होता ‘नन’ दिसू लागतात आणि रिकामी ओळ साठवली जाते, किंवा नॉट नल बंधनावर आपटते. आधी ‘सेशन.रिफ्रेश’ केल्यास हे टळते. एकट्या ऑब्जेक्टसाठी हा मार्ग चालेल. नाती असतील तर मी तो टाळतो.

प्रत तयार होत असताना सेशन स्वस्थ बसलेले नसते. कोणतीही क्वेरी चालवण्यापूर्वी ते साठलेले बदल फ्लश करते. अर्धवट भरलेली प्रत तोवर सेशनमध्ये गेली असेल तर ती तशीच डेटाबेसकडे धाडली जाते आणि इंटिग्रिटी एरर, म्हणजे डेटाबेसचे बंधन मोडल्याची एरर, कोडच्या अशा ओळीवर उमटते, जिथे आपण फक्त काहीतरी वाचत होतो. २.० पूर्वीच्या आवृत्त्यांत नव्या पत्रिकेला सेशनमधला विषय नुसता जोडला तरी बॅकरेफच्या (नात्याच्या उलट बाजूच्या दुव्याच्या) वाटेने पत्रिका आपोआप सेशनमध्ये ओढली जात असे. जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या २.० ने हे वर्तन काढून टाकले. प्रत पूर्ण होईपर्यंतचे काम ‘सेशन.नो_ऑटोफ्लश’ या विथ-ब्लॉकमध्ये करावे आणि ‘ॲड’ अगदी शेवटी बोलवावे.

प्रत काढणाऱ्या फंक्शनने स्वतः सेशन उघडू नये आणि कमिटही करू नये. सेशन कोणाचे, हे बाहेरच्या कोडने ठरवावे: एका वेब विनंतीला किंवा एका कामाला एक सेशन, ‘सेशनमेकर’च्या ‘बिगिन’ने विथ-ब्लॉकमध्ये उघडलेले, म्हणजे नीट पार पडल्यास कमिट आणि एरर आल्यास रोलबॅक (बदल मागे घेणे) आपोआप होतो. फ्लश फसल्यानंतर रोलबॅक न करता तेच सेशन वापरत राहिले तर पुढची प्रत्येक हालचाल ‘पेंडिंग रोलबॅक एरर’ने अडते. पन्नास पत्रिकांपैकी एखादी फसली तरी बाकीच्या टिकाव्यात असे वाटत असेल, तर प्रत्येक पत्रिका ‘बिगिन_नेस्टेड’च्या सेव्हपॉइंटमध्ये, म्हणजे तेवढाच भाग मागे घेता येईल अशा टप्प्यात, साठवावी. एकच सेशन अनेक थ्रेडमध्ये मात्र वाटू नये. ते त्यासाठी बनवलेलेच नाही.

मूळ ऑब्जेक्ट दुसऱ्या सेशनमधून आला असेल तर त्या सेशनचे दार बंद होण्याआधीच त्याच्या किमती वाचून घ्याव्यात. नंतर न लोड झालेली किंमत मागितली की ‘डिटॅच्ड इन्स्टन्स एरर’ येते. अशा वेळी ‘सेशन.मर्ज’ वापरण्याचा मोह होतो, पण मर्ज प्रत काढत नाही. ते त्याच प्रायमरी कीची ओळ शोधून तिच्यावर किमती चढवते, आणि सेशनशी जोडलेला ऑब्जेक्ट परत देते. आपण दिलेला ऑब्जेक्ट बाहेरच राहतो, तेव्हा पुढे परत मिळालेलाच वापरावा.

ओळी हजारोंनी असतील आणि पायथनमध्ये त्यांच्यावर काही प्रक्रिया करायची नसेल, तर ऑब्जेक्टचा खटाटोप सोडून ‘इन्सर्ट’च्या ‘फ्रॉम_सिलेक्ट’ने डेटाबेसलाच प्रत काढायला लावावे. आणि कोणताही मार्ग घेतला तरी टेस्टमध्ये कमिटनंतर नवे सेशन उघडून दोन्ही पत्रिकांचे प्रश्न मोजावेत: नव्या पत्रिकेत ४०, आणि १७ क्रमांकाच्या जुन्या पत्रिकेतही ४०.