आधी गुच्छातले कोण ते ठरवा

तारकागुच्छांवरच्या कामाला मी एम ६७ या गुच्छापासून सुरुवात केली. ताऱ्यांच्या जागा आणि गती मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या माहितीतून आकाशाचा तेवढा तुकडा उतरवून घेतला (वर्तुळ जरा ऐसपैसच घेतलं होतं), ताऱ्यांचा रंग आणि प्रत (तेजाचं माप) यांचा आलेख काढला, तर पडद्यावर नुसता धुरळा. त्यातच घाईघाईने वयाची रेषा (ठरावीक वयाचे तारे आलेखात जिथे पडतात ती) बसवली. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "यातले गुच्छातले किती?" मला सांगता येईना.

नवखा इथेच फसतो. खरा वेळ वय काढण्यात जात नाही. गुच्छातले कोण आणि उपरे कोण, हे निवडण्यात जातो. रोहिणीचंच घ्या. वृषभेतल्या हायडीज गुच्छात ती बेमालूम मिसळलेली दिसते. पण ती आहे ६५ प्रकाशवर्षांवर आणि गुच्छ १५० च्या आसपास.

एका ढगातून जन्मलेले तारे आकाशात बरोबरीनेच सरकतात. म्हणून आधी निजगतीचा, म्हणजे तारा आकाशात किती आणि कुठे सरकतो त्याचा, आलेख काढा. विखुरलेल्या ठिपक्यांत एक दाट पुंजका दिसेल. मग पॅरलॅक्स पाहा, म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याची जागा किती हललेली दिसते ते; त्यावरून अंतर कळतं. चाळणी फार बारीक केलीत तर कडेचे हलके तारे गळतात. जड तारे गुच्छाच्या मध्याकडे सरकतात आणि हलके बाहेर निसटत राहतात, तेव्हा गुच्छ कसा विरतो याचा पुरावा नेमका कडेलाच असतो.

निवड जमली की तोच आलेख ओळखू येत नाही. मुख्य क्रमाची (गाभ्यात हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांची) रेघ आणि ती फुगलेल्या राक्षसी ताऱ्यांकडे वळते ती जागा स्पष्ट दिसते. जड तारे इंधन लवकर संपवतात, म्हणून वळण जितकं खाली तितका गुच्छ म्हातारा. कृत्तिकांचं वय दहा-बारा कोटी वर्षं, एम ६७ चं सुमारे ४ अब्ज.

मुख्य क्रमाच्या वर, पाऊण प्रतीपर्यंत, आणखी एक रेघ दिसली. चूक समजून मी ती पुसली. ते जोडतारे होते: दोन सारखे तारे एकच दिसले की प्रकाश दुप्पट. वळणाच्याही वर राहिलेले निळे ठिपके मात्र वाचले. त्यांना ब्लू स्ट्रॅगलर म्हणतात. जोडीदाराचं द्रव्य ओढून किंवा एकमेकांत मिसळून ते पुन्हा तरुण दिसू लागतात.

पहिला गुच्छ एम ६७ च घ्या. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून तो दूर आहे, मधे धूळही कमी. बंदिस्त गुच्छांच्या (लाखो ताऱ्यांच्या गोलाकार गुच्छांच्या) गाभ्यात इतकी दाटी असते की गायाचीही मोजमापं तिथे डळमळतात; ते नंतर.