वठलेल्या झाडावर चढण्याआधी

"इतकी वर्षं उभं आहे, आजच काय पडतंय?" झाडं काढण्याच्या कामात नवीन आलेल्याला हे वाक्य कुणी ना कुणी ऐकवतंच, कधी झाडाचा मालक, कधी आपलाच जोडीदार. पण वठलेल्या झाडाला पानं नसतात. जो वारा हिरवं झाड मुळापासून हलवतो, तो या सांगाड्यातून आरपार निघून जातो. म्हणजे ते आजवर पेलत आलंय ते मुख्यतः स्वतःचं वजन. आता आपण दोराला लटकणार, शेंडा कापला की खोड मागे झोकांडी खाणार. असले झटके मेल्यापासून त्याने खाल्लेलेच नसतात.

माझा पहिला प्रश्न असतो: झाड कशाने मेलं, आणि कधी? पाण्याअभावी नुकतंच वाळलेलं झाड बरेचदा आतून घट्ट असतं. मुळं कुजून मेलेलं झाड मात्र पानं गळायच्या आधीच खालून गेलेलं असतं. मालकाला तारीख आठवत नाही, म्हणून काटक्या बघायच्या. बारीक काटक्या शाबूत असतील तर मरण बहुधा ताजं. नुसते जाड फांदे उरलेत, साल पापुद्र्यासारखी सुटतेय, तर गोष्ट जुनी आहे.

नवखा माणूस थेट वर बघतो. आधी खाली बघा. बुंध्याभोवतीचा पालापाचोळा हाताने सारा. मातीत भेग आहे का, एका बाजूची जमीन उचललीय का, मुळांच्या खांद्यांवर बुरशीच्या छत्र्या आल्यात का? छत्री बाहेर दिसते तेव्हा आतली कूज बहुतेक वेळा बरीच पुढे गेलेली असते. जाड मुळात स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. लोण्यात गेल्यासारखा आत गेला, तर वरची तपासणी करायची गरजच उरत नाही. तपकिरी, चौकोनी भेगा पडलेलं आणि चिमटीत भुगा होणारं लाकूड मला सगळ्यात नकोसं वाटतं, कारण ते वाकून इशारा देत नाही, एकदम तुटतं.

मग लाकडी हातोड्याने खोड ठोकत पूर्ण फेरी मारा. भरीव लाकूड खणखणीत बोलतं, पोकळ बद्द. सुटलेली सालही बद्दच बोलते, म्हणून शंका आली की साल सोलून पुन्हा ठोका. पोकळ खोडासाठी एक जुना ठोकताळा आहे: भरीव कडेची जाडी त्रिज्येच्या साधारण ३० टक्के तरी हवी. ६० सेंमी व्यासाच्या खोडाला ९ सेंमी. पण हा ठोकताळा जिवंत झाडांवरून आलाय आणि त्याबद्दलही वाद आहेत. कुजलेल्या लाकडावर "९ भरले, चला वर" असा तो वापरू नका. दुर्बिणीने वरही पाहून घ्या: सुतार पक्ष्याची भोकं, अडकलेले तुटके फांदे, मधमाश्या.

ताण देऊन बघायचं असेल तर वरच्या बेचक्यात दोर टाकून, झाडाच्या उंचीपेक्षा बरंच लांब उभं राहून ओढा. बुंध्याशी माती हलली की विषय संपला. नाही हलली, तरी ती चढायची परवानगी नव्हे. एवढंच की अजून नापास झालेलं नाही.

चढायचंच ठरलं तर दोर शक्यतो शेजारच्या निरोगी झाडाला बांधा. काटेरी बूट मऊ लाकडातून निसटतात. वाळलेलं लाकूड वाकत नाही, त्यामुळे तुकड्याला दिशा देण्यासाठी कापात राखलेली पट्टी मध्येच तडकते आणि तुकडा भलतीकडे जातो. त्याच खोडाला कप्पी बांधून मोठा तुकडा सोडू नका. दोर ताणला जातो त्या क्षणाचा झटका तुकड्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो. लहान तुकडे करा, खाली मोकळी जागा असेल तर सरळ टाका.

बकेट लिफ्ट किंवा क्रेन पोचत असेल तर मी चढत नाही. भाडं जास्त पडतं म्हणून मालक कुरकुरतो, त्याला कुरकुरू द्यावं. आणि झाडाच्या पडण्याच्या टप्प्यात ना घर, ना रस्ता, ना तारा असतील, तर ते काढायचं कशाला, हे त्याला विचारून बघा. ढोलीत कुणीतरी राहत असतं.