सायकल ट्रॅक तपासायचा कसा: टेप, खडू आणि वही घेऊन

‘ट्रॅक फार वाईट आहे’ अशी तक्रार केली तर काहीही होत नाही. ‘अमुक इमारतीच्या गेटपासून सिग्नलकडे बारा मीटरवर विजेचा खांब आहे, तिथे रुंदी ८५ सेंमी उरते’ असं लिहिलं की कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं. माझी सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. आता नाशिकच्या इंदिरानगरात निवृत्त आहे आणि नात सायकलने शाळेत जाते, म्हणून टेप पुन्हा हातात घेतला आहे. आपल्या भागातला सायकल मार्ग कसा तपासायचा, ते सांगतो.

सामान थोडंच लागतं: पाच मीटरचा टेप, खडू, वही आणि फोन. सोबत एक माणूस हवाच, टेपचं दुसरं टोक धरायला आणि मुख्य म्हणजे मागून येणाऱ्या गाड्यांवर लक्ष ठेवायला. एका वेळी एकच किलोमीटर घ्या. सरावासाठी अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा स्मार्ट रोड सोयीचा आहे. लांबी १.१ किमी, दोन्ही टोकं ठरलेली आणि मध्ये गर्दीचे चौक. सकाळी दुकानं उघडण्याआधी मोजा. संध्याकाळी सहानंतर पुन्हा जा, कारण ट्रॅकवर गाड्या, हातगाड्या, टपऱ्या किती येतात ते तेव्हाच दिसतं.

पहिली फेरी टेप न काढता करा. या गावात आपण आजच आलो आहोत असं समजून सायकल चालवा आणि प्रत्येक चौकाच्या आधी थांबून विचारा: आता मी कुठून जायचं? उत्तर पाटीवर किंवा रस्त्यावरच्या पट्ट्यांत सापडलं नाही, तर ती पहिली नोंद. ट्रॅक जिथे संपतो ती जागा मी सगळ्यात जास्त वेळ पाहतो. सरळ रस्त्यावर ट्रॅक छान असतो आणि चौक आला की एकाएकी नाहीसा होतो. म्हणजे रिक्षा, बस, डावीकडे वळणाऱ्या गाड्या या सगळ्यांच्या मध्ये सायकलवाल्याला नेमकं तिथेच सोडून दिलेलं असतं. ट्रॅक संपतो आहे हे आधी सांगणारी पाटी आहे का, चौक ओलांडायला आखलेला पट्टा आहे का, पलीकडे ट्रॅक पुन्हा कुठे सुरू होतो ते अलीकडून दिसतं का, हे तिन्ही लिहा. अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ २०१५ मध्ये जोडीने पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन नाशिकचेच. तशा सायकलपटूंचं ट्रॅकवाचून अडणार नाही. ट्रॅक हवा आहे तो सातवीतल्या मुलीला, आणि सातपूर-अंबडला पाळीवर जाणाऱ्या कामगाराला. चौकात उभं राहून पाहताना ही दोन माणसं डोळ्यांसमोर ठेवा.

आता पाट्या. निळ्या गोलात पांढरी सायकल म्हणजे हा मार्ग सायकलींचा. लाल कडेच्या पांढऱ्या गोलात सायकल म्हणजे सायकलींना मनाई. लाल कडेच्या त्रिकोणात सायकल असेल तर ती सूचना गाडीवाल्यांना, पुढे सायकली रस्ता ओलांडतात म्हणून. पाटी बरोबर आहे का, योग्य बाजूला तोंड करून आहे का, झाडाच्या फांदीमागे किंवा वाढदिवसाच्या फ्लेक्समागे गेली आहे का, ते बघा. अंधारात सायकलच्या दिव्याचा झोत टाका. पाटी उजळली नाही, तर रात्रपाळीच्या माणसाला तिचा उपयोग नाही.

टेप काढल्यावर सरासरी रुंदी मोजू नका, सगळ्यात अरुंद जागा मोजा. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ या संस्थेने १९६२ मध्येच सायकल ट्रॅकची किमान रुंदी २ मीटर सांगितली आहे, आणि ओलांडून पुढे जायला जागा हवी असेल तर ३ मीटर. सायकलचं हँडलच साधारण ६० सेंमी असतं. त्यामुळे मीटरभर जागेत खांब, डीपी (विजेची पेटी) किंवा झाडाचं आळं आलं की माणूस उतरून रस्त्यावर येतो. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने असतील तर चाक आत जातं. त्या आडव्या हव्यात, आणि हा दोष सगळ्यांत वर लिहा. इमारतींच्या गेटपाशी ट्रॅक खाली उतरतो तिथल्या पायरीची उंची मोजा, खडूने खूण करून फोटो घ्या. फोटोत टेप दिसलाच पाहिजे. पावसाची मोठी सर येऊन गेल्यावर आणखी एक फेरी मारा, पाणी कुठे साचतं ते कागदावरच्या नकाशात कधीच दिसत नाही.

मग यादीचे दोन भाग करा. पट्टे रंगवणं, फांदी छाटणं, पाटी फिरवणं, जाळी बदलणं ही कामं स्वस्त आहेत, त्यांचा अर्ज वेगळा द्या. खांब हलवणं आणि चौक नव्याने आखणं याला निधी लागतो, त्याचा अर्ज वेगळा. एकत्र दिलं तर खांबापायी रंगही अडतो. रस्ता महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की राष्ट्रीय महामार्गाचा, हे आधी विचारून घ्या. महापालिकेचा असेल तर आपल्या विभागीय कार्यालयात अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्क्याशिवाय परत फिरू नका.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार. शुल्क १० रुपये, मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून कैफियत मांडू नका. फक्त तीन गोष्टी मागा: मंजूर नकाशा, त्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं जिच्यात नोंदवतात तिची) प्रत, आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातल्या दोषांची ठेकेदारावरची जबाबदारी, कधी संपतो. नकाशातली रुंदी आणि तुमच्या टेपवरची रुंदी शेजारी शेजारी लिहिली की पुढचं पत्र आपोआप तयार होतं. दोषदायित्वाची मुदत शिल्लक असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, हे त्या पत्रात पहिल्या ओळीत घाला.

२०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं निघत आहेत. तुमच्या रस्त्यावर काम लागलं तर कामाच्या फलकाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. त्यावरचं कामाचं नाव माहिती अधिकाराच्या अर्जात जसंच्या तसं लिहिता येतं, आणि काँक्रीट पडण्याआधीच मंजूर नकाशा मागता येतो.