व्यसनमुक्तीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून मी या कामात आले, तेव्हा वाटायचं की पोटतिडकीने बोललं की माणूस दारू सोडतो. पहिल्याच वर्षी वस्तीतल्या एका रोज पिणाऱ्या काकांना मी सांगितलं, "उद्यापासून थेंबही नको." त्यांनी ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्यांना फिट आली, भिंतीवर किडे दिसायला लागले. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली, तर पहिले तीन-चार दिवस जिवावर बेतू शकतात. म्हणून आधी डॉक्टर, समुपदेशन नंतर. माझी ही चूक तुमच्याकडून होऊ नये.

पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचटांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, त्याला पु. ल. देशपांड्यांनी आर्थिक बळ दिलं. त्याच्याही कितीतरी आधी, १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूने खचलेले, एकमेकांशी बोलत बसले. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याची संघटना, निघाली. माझ्या पदवीपेक्षा 'मी मद्यपी आहे' म्हणणाऱ्याचे शब्द पेशंटला लवकर पोचतात, हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली. वॉर्डात अशी सुधारलेली माणसं असतील तर त्यांच्याजवळ बसून शिका.

खरी कसोटी डिस्चार्जनंतर लागते. रात्री फोन येतो, "ताई, स्लिप झाली." सुरुवातीला मी विचारायचे, "का प्यायलास?" मग त्याने पुन्हा फोन केला नाही, की मला वाटायचं तो बरा आहे. तो लाजेने लपलेला असायचा. आता मी विचारते, "कुठे आहेस? जेवलास का? उद्या येतोस ना?" तो येतो. सहा-सहा वेळा घसरून आज मुलीच्या लग्नात ताठ मानेने उभी राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि घरच्या बाईला विसरू नका. ती पहिल्यांदा येते तेव्हा नवऱ्याबद्दलच बोलते. तिला विचारा, "तुम्ही शेवटची पुरती झोप कधी घेतलीत?" बहुतेक जणी तिथेच रडतात. रडू द्या, घड्याळ बघू नका.

फॉलोअपच्या वहीत पेशंटच्या नंबरखाली तिचाही नंबर लिहा. पगाराच्या दिवशी, शिमग्याला आणि गटारीच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही स्वतःहून फोन करा.